तीन बोटांची मूठ

"ही बघ तुझी करामत!" असं म्हणत मानूसोसनं सुरी रोदांथीच्या बाकड्यावर आपटली. पातं तिथंच राहिलं आणि मूठ उडून माझ्या दुकानात पडली.

माझं चपलांचं दुकान तिच्या दुकानाला लागूनच. मधली भिंत कमरेएवढी, वर सगळं मोकळं. त्यामुळे तिच्याकडचं भांडण मला बसल्या जागी ऐकू येतं, आणि माझ्या गिऱ्हाइकाला चप्पल कुठं चावते ते तिला. मी मूठ उचलून भिंतीवरून तिच्या हातात दिली.

ही गोष्ट युरो यायच्या आधीची, ड्राख्माची नाणी चालत होती तेव्हाची. खानिया शहरातल्या आमच्या सुऱ्यांच्या गल्लीत पाती घडवणारे मोजकेच उरले होते. मुठी बसवणारी मात्र एकच होती, रोदांथी. ती हे काम बापाच्या शेजारी बसून शिकली. नवरा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. तो घरी यायचा तेव्हा बोटीवरच्या सगळ्या खिळखिळ्या सुऱ्या पोत्यात घालून आणायचा. "हा मला भेटायला येतो की मुठी बसवून घ्यायला, तेच कळत नाही," असं ती चारचौघांत म्हणायची.

"उपवास सुरू झाले तेव्हा बसवून दिलीस," मानूसोस म्हणाला. "अजून ईस्टर आलं नाही, आणि हिनं मान टाकली. तुझ्या बापानं बसवलेली मूठ मी म्हातारा झालो तरी हलली नव्हती."

"काय केलंस हिचं, बार्बा? दगड फोडलेस?" रोदांथीनं विचारलं. म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे बार्बा, म्हणजे काका, म्हणतात.

"खाटकाची सुरी आहे. मांस कापलं."

"उपवासात?"

मानूसोस रस्त्याकडे बघू लागला. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात आमच्याकडे मांसाला कोणी हात लावत नाही. खाटीक लोक तेव्हा दुकानाला चुना लावतात, हुक घासतात, आणि पत्ते खेळतात.

"कुणीतरी कापून मागितलं," तो पुटपुटला.

"गरम पाण्यात टाकलीस का? पातं धरून ठेवायला राळ आहे आत. उकळत्या पाण्यात राळेचं सरबत होतं, सांगितलं होतं मी."

"नाही टाकली. तुझं काम कच्चं, आणि दोष माझा?"

रोदांथीला कोणी काही बोललं तर ती दुप्पट परत करते. त्या दिवशी मात्र तिचं लक्ष मुठीकडे होतं. तिनं मूठ उजेडाकडे धरली, अंगठ्यानं चाचपली, नाकाशी नेली, आणि पुन्हा उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "समोर जाऊन कॉफी घे. मी बघते."

"बघायचं काय त्यात? राळ भर आणि ठोक."

"जा म्हटलं ना."

तो गेला. डावा हात हलवत, उजवा कोटाच्या खिशात. गेल्या शरद ऋतूत हाडं कापायच्या विजेच्या करवतीत त्याचा हात गेला होता, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. किती गेला ते कोणी पाहिलं नव्हतं. तो हात तेव्हापासून खिशातच राहायचा, चर्चमध्येसुद्धा.

"कोस्मास," रोदांथीनं मला हाक मारली. "हे बघ जरा. तुझा दोरा आहे का हा?"

मुठीच्या लाकडावर आडवे, बारीक चरे पडले होते, एकावर एक. एका चऱ्यात पांढरा धागा अडकला होता.

"माझा नाही," मी म्हणालो. "सॉसेज बांधायची सुतळी आहे ही."

"तेच वाटलं मला." तिनं मूठ उलटी केली. "आणि हे बघ. पुढं, पहिली दोन बोटं येतात तिथं लाकूड कोरं आहे. मी तेल लावून दिलं तसंच. मागं सगळं चेपलंय. सुरी अशी कुणी धरत नाही."

मग आमच्या दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. म्हातारा सुरी हाताला सुतळीनं बांधून घेत होता. उपवासात, बंद दुकानात, कुणी नसताना. बांधून काहीतरी कापायला शिकत होता. पातं दरवेळी आडवं पिळवटायचं, आणि राळ असला पीळ सहन करत नाही. राळ सरळ दाब घेते.

तिनं पात्याचं शेपूट घासून पाहिलं. मुठीच्या पोटात शिरणाऱ्या लोखंडाला आमच्याकडे शेपूट म्हणतात. ते मुळातच आखूड होतं आणि टोकाला गंजलं होतं.

मानूसोस परत आला तेव्हा तिनं फिरवाफिरव केली नाही.

"बार्बा, हात दाखव."

"कशाला?"

"मूठ हाताला बसवायची असते. पात्याला तर कोणीही बसवतं."

"सुरीचं काम आहे तुझं. सुरीचं बघ." त्याचा चेहरा लाल झाला. "होत नसेल तर तसं सांग. खेटे घालायला मला वेळ नाही."

आणि सुरी तिथंच टाकून तो गेला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मुलगा आला. स्ट्राटिस त्याचं नाव. तिशीचा, बैलासारखा धिप्पाड. एवढा मोठा माणूस दाराच्या चौकटीत असा अवघडून उभा होता, जसं काही आत येण्यासाठी तिकीट लागतं.

"मावशी, बाबांची सुरी तुमच्याकडे आहे ना?"

"आहे. बस."

"बसत नाही. एक विनंती होती." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चामड्यात डोकं खुपसलं. "त्यांना सांगा की ती दुरुस्त होण्यासारखी नाही. पातं मोडलं म्हणा. काहीही म्हणा."

"का?"

"ते दुकानामागच्या कोठीघरात जाऊन बसतात. हाताला सुरी बांधतात. परवा मी दार ढकललं, तर कोबी कापत होते. कोबी! टेबलावर रक्त होतं, आणि म्हणतात, बिटाचा रस आहे. एक दिवस उरलेली बोटंसुद्धा घालवतील."

"त्यानं दिवसभर करायचं काय, तुझ्या मते?"

"आराम. मी आहे ना कमवायला."

रोदांथीनं कानस खाली ठेवली. "माझा बाप शेवटी आराम करत होता. खिडकीत बसून. मेलेल्या माणसाला आम्ही तीन महिने कॉफी देत होतो असं वाटायचं." जरा थांबून तिनं विचारलं, "हात कसा गेला त्याचा? खरं सांग. बाजारातली गोष्ट मला नको."

तेव्हा स्ट्राटिस बसला. स्टूल करकरलं.

करवतीच्या पात्यावर एक झाकण असतं. त्यामुळे धुवायला वेळ लागतो. ते स्ट्राटिसनं काढून ठेवलं होतं, संध्याकाळी पुन्हा बसवू म्हणून. संध्याकाळी तो मित्राच्या मुलाच्या नामकरणाला गेला. सकाळी बाप लवकर उठून दुकानात गेला, आणि नेहमीप्रमाणे, हात जिथं ठेवायचा तिथं न बघता ठेवला.

"दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं," स्ट्राटिस म्हणाला. "बाबा म्हणाले, माझंच लक्ष नव्हतं. घरी आले, काही बोलले नाहीत. आजपर्यंत एक अक्षर नाही. मावशी, त्यांनी मला लहानपणी दूध सांडलं म्हणून पट्ट्यानं झोडलंय. आणि आता काही नाही. मीठ दे, पाव दे, इतकंच. एकदा शिव्या घातल्या असत्या ना, तर..." त्यानं हातानं तोंड पुसलं. "त्यांचा हात मी नीट पाहिलेलाही नाही. बायको पट्टी बदलायची, तेव्हा मी अंगणात जायचो."

रोदांथीनं समोरच्या वार्दिस लोहाराच्या ऐरणीकडे एकदा पाहिलं.

"खोटं मी बोलणार नाही," रोदांथी म्हणाली. "पातं चांगलं आहे आणि त्याला ते माहीत आहे. शिवाय मी नाही म्हटलं तर तो दुसरी सुरी बांधेल, सुतळीनंच. तेव्हा मी त्याच्या हातासाठी मूठ करते. न बांधता धरता येईल अशी. पण मला माप लागेल, आणि मला तो हात दाखवत नाही. तू घेऊन ये त्याला."

"माझ्याबरोबर येणार नाहीत."

"येईल. सांग, रोदांथीला मूठ जमत नाहीये. मला चार शब्द ऐकवायची संधी तो सोडणार नाही."

*

आणि तो आला. दारातूनच सुरू झाला. "काय गं, हरलीस? वार्दिस! ऐकलंस का? बाई हरली!"

वार्दिस आयुष्यभर लोखंड ठोकून बहिरा झालेला. तो तिकडून ओरडला, "कोण मेली?"

"बस इथं," रोदांथीनं स्टूल पुढं ओढलं. तिनं कोमट पाण्यात मधमाश्यांच्या मेणाचा गोळा मऊ करून ठेवला होता. पात्याच्या जागी लाकडाची पट्टी, आणि तिच्याभोवती मेण. "हे धर. उजव्या हातात."

मानूसोसनं मेणाकडे पाहिलं, मग मुलाकडे. तो उठून जाईल असं मला वाटलं. पण खाटीक माणूस. चार लोकांसमोर पळून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं हात खिशातून काढला.

तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून नव्हती. अंगठा, अनामिका आणि करंगळी, एवढंच. मधल्या जागी गुळगुळीत, गुलाबी कातडी. त्यानं मेण धरलं, तर पट्टीचं टोक लगेच खाली झुकलं. पुढं तोलायला बोटंच नव्हती.

"घट्ट."

"एवढंच घट्ट होतं."

"मग दुसऱ्याच्या हातानं दाबावं लागेल. माझे हात राळेनं माखलेत." ते साफ खोटं होतं. नुकतेच धुतलेले हात तिनं एप्रनाआड नेले. "स्ट्राटिस, ये. त्याच्या हातावर हात ठेव आणि मेण भरून निघेपर्यंत दाब."

स्ट्राटिस पुढं आला. त्याचा पंजा बापाच्या हातावर तरंगत राहिला, टेकेना.

"दाब की," म्हातारा म्हणाला. "कोंबडीचं पिल्लू धरलंयस काय?"

स्ट्राटिसनं दाबलं. डोळे मिटून, आणि घाबरलेली माणसं दाबतात तसं, सगळा जोर लावून.

"आई गं! गाढवा!" मानूसोस किंचाळला. "बेअकली! दुखतंय! झाकण काढून ठेवलंस तेव्हा दोन घालवलीस, आता उरलेली पण तोडतोस का? नालायका! तुझ्या त्या नामकरणाला आग लाव!"

मग तो स्वतःच थांबला. तोंड उघडंच राहिलं.

स्ट्राटिसनं हात काढला नाही. मान खाली घालून तो तसाच दाबत राहिला, आता हलक्या हातानं. त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय ते मला मागून कळेना.

"अजून बोला," तो म्हणाला.

"काय बोलू? सगळं तर बोललो."

"नाही, बाबा. अजून."

मानूसोसनं घसा साफ केला. "बैल," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. आणि मग डाव्या हातानं मुलाच्या मानेवर एक चापट ठेवून दिली. चापट तिथंच राहिली.

रोदांथीनं मला खुणेनं उठवलं. आम्ही दोघं रस्त्यावर जाऊन उभे राहिलो आणि वार्दिसशी उगीचच ओरडून बोलत बसलो. परत आलो तेव्हा मेण घट्ट झालं होतं. दोघं शेजारी शेजारी बसले होते, बाप करवतीला शिव्या देत होता.

*

मूठ करायला मेणाएवढी सोपी नव्हती.

पहिलं काम वार्दिसचं. त्यानं जुनं शेपूट तापवून त्याला नवं लोखंड जोडलं आणि मुठीच्या पार टोकापर्यंत लांबवलं. राळेचा प्रश्नच मिटला. आता लोखंडाच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे दोन अर्धे भाग लावायचे आणि पितळी खिळे आरपार घालून दोन्हीकडून ठोकून बसवायचे.

लाकूड तिनं रानऑलिव्हच्या मुळाचं काढलं. ते रक्तापाण्यात फुगत नाही. पुढं, जिथं दोन बोटं नव्हती, तिथं मुठीला फुगवटा ठेवला, तळहाताची रिकामी जागा भरून निघेल असा. वर अंगठ्यासाठी सपाट जागा. पोटाशी दोन बोटांपुरती खोल खाच, आणि शेवटी मूठ खाली वळवलेली, म्हणजे हात मागं घसरणार नाही. पुढच्या बाजूला ओठासारखी एक उंच कड, हात पात्यावर जाऊ नये म्हणून. दिसायला ती मूठ फारच विचित्र होती. वार्दिस म्हणाला, "आल्याचा गड्डा आहे हा."

लाकूड आणि लोखंड एकमेकांना अशी भिडली पाहिजेत की मधे केससुद्धा जाऊ नये. ती काजळी लावून पाहायची, काळं उमटेल तिथं घासायची, पुन्हा काजळी. फट राहिली की तिथं रक्त शिरतं, आणि आतून लोखंड कुजतं. जुन्या शेपटाला तेच झालं होतं.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सोमवारी ती शेवटचा खिळा ठोकत होती. खिळ्याचं डोकं हळूहळू, टिचक्या मारल्यासारखं पसरवायचं असतं. माझ्याकडे एक बाई वहाणा परत करायला आली होती आणि तावातावानं बोलत होती. रोदांथीनं तिकडे पाहिलं, आणि एक घाव जास्त पडला. टक् असा आवाज झाला. लाकडाला उभी चीर गेली.

"भर की मेण आणि राळ," मी म्हणालो. "वरून दिसणारही नाही."

"मला दिसेल. आणि त्याच्या हाताला टोचेल." तिनं छिन्नीनं खिळ्यांची डोकी उडवली, सगळी मूठ उतरवून ठेवली, आणि त्याच मुळाचा दुसरा तुकडा बाकड्याच्या पकडीत आवळला. त्या बाईला मात्र तिनं भिंतीवरून असं काही सुनावलं की ती वहाणा घेऊन गेली. परत द्यायला पुन्हा आली नाही.

बुधवारी बापलेक आले. रोदांथीनं एक मोठा बटाटा ठेवला.

मानूसोसनं सुरी उचलली. खूप वेळ नुसतीच धरून ठेवली. मग कापलं. टोक झुकलं नाही, पण पातं किंचित डावीकडे पळालं आणि फोड पाचरीसारखी झाली.

"बघ," तो म्हणाला. खांदे पडले. "गेलं ते गेलं."

"दे इकडं. अंगठ्याखाली जास्त आहे." तिनं कानशीनं चार हात मारले. पुन्हा बटाटा. पुन्हा पाचर, पण बारीक. पुन्हा कानस. स्ट्राटिस बापाच्या मनगटाकडे बघत होता. "मावशी, मागची खाच खोल आहे," तो म्हणाला. "करंगळी ओढली जाते त्यांची." तिनं पाहिलं, मान हलवली, आणि खाच थोडी उथळ केली.

यावेळी फोड सरळ आली. पातळ, इतकी की तिच्यातून खिडकी दिसली. म्हाताऱ्यानं दुसरी काढली, तिसरी काढली. बटाटा संपला तेव्हा त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"अजून आहे का?"

रोदांथीनं आतून घरचे सगळे बटाटे आणले. त्या दुपारी गल्लीत सगळ्यांकडे तळलेले बटाटे होते.

*

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी मांस आणायला बाजारात गेलो. मानूसोसच्या दुकानासमोर नेहमीपेक्षा मोठी रांग होती, आणि रांग हलत नव्हती.

हाडं फोडायचं काम स्ट्राटिसकडे होतं. करवत बंद होती, झाकण लावून, तिच्यावर फडकं टाकलेलं. तो कुऱ्हाडीनं तोडत होता. बाप ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून काळजं, आतडी, चरबी सोडवत होता. मोठं काम त्याच्यानं होत नव्हतं. चार कापांनंतर सुरी खाली ठेवायचा, हात झटकायचा, पुन्हा उचलायचा. पण लख्ख उजेडात, सगळ्यांसमोर, हात बाहेर काढून.

"मानूसोस, उद्या ईस्टर आहे, पुढच्या वर्षीचं नाही!" रांगेतली एक म्हातारी ओरडली.

"घाई असेल तर समोरच्याकडं जा, कात्रीना. तो तुला बोकड कोकरू म्हणून देईल."

"तू पण दिलं होतंस!"

"मी प्रेमानं दिलं होतं."

रांग हसली. स्ट्राटिसनं बापाकडे बघितलंसुद्धा नाही आणि घाईही केली नाही. त्याचा भाग कधीच झाला होता. तो ओटा पुसत, बाप आवरेपर्यंत थांबून राहिला.

दुपारपर्यंत म्हाताऱ्याचा हात सुजला. तो खोक्यावर बसला, बर्फात हात घातला, आणि तिथून मुलाला हुकूम सोडू लागला. "ते बरगडीचं असं नको. असं. अरे, असं!" स्ट्राटिस "हो बाबा, हो बाबा" करत त्याला हवं तसंच करत होता.

मला म्हाताऱ्यानं एक पुडकं दिलं. "रोदांथीला दे. खांदा आहे. मी स्वतः कापलाय म्हणावं."

मी ते तिला नेऊन दिलं. तिनं उघडून पाहिलं. एक कड चांगलीच तिरकी गेली होती. ती जाऊन दारात उभी राहिली, तेवढ्यात बापलेकांची गाडी घराकडे निघालेली गल्लीच्या तोंडाशी दिसली.

"बार्बा!" ती ओरडली. "वाकडं कापलंस!"

खिडकीतून तीन बोटांचा हात बाहेर आला. "मूठ वाकडी आहे तुझी!"

त्यानंतर काही वर्षं तो सकाळचे दोन तास दुकानात उभा राहायचा. पुढं गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा स्ट्राटिसनं त्याच्यासाठी ओट्याची एक बाजू कापून खाली केली, बसून काम करता येईल एवढी. रोदांथीकडे सुरी अधूनमधून यायची, खिळे तपासायला आणि तेल पाजायला. फट तिच्यात कधी सापडली नाही. तरी मानूसोस दरवेळी दारातूनच भांडत यायचा, आणि ती त्याच्यासाठी कॉफी आधीच चुलीवर ठेवायची.